सर, आमचं विस्थापन किती?

जुलैमधली गोष्ट. संध्याकाळी पाऊस जरा थांबला होता, मी ओसरीवर पेपर चाळत बसलो होतो. शेजारची मुलगी वही घेऊन आली. यंदा अकरावी सायन्सला पुण्यात प्रवेश मिळाला आहे, रोज नसरापूरहून जाऊन-येऊन करते. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम, आमच्याच भागातल्या शाळेत. म्हणाली, "आजोबा, तुम्हाला व्हेक्टर येतात का हो?"

आता मी इतिहास-भूगोलाचा मास्तर. बी.ए. झालो तेही मराठी माध्यमातून. निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं झाली. पण मास्तरला 'येत नाही' म्हणायची सवय नसते. म्हटलं, "दाखव."

अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच प्रकरणात हे सगळं आहे. कॉलेज सुरू होऊन महिना झाला नाही तोवर मुलांपुढे येऊन उभं राहतं. वहीत एक उदाहरण होतं. एक मनुष्य अमुक किलोमीटर ईशान्येला चालतो, मग वळून तमुक किलोमीटर आणखी कुठे तरी चालतो, तर त्याचं 'रिझल्टंट डिस्प्लेसमेंट' किती? पोरीनं सूत्र बरोबर लिहिलं होतं. साइन, कोसाइन जागच्या जागी. उत्तर मात्र चुकलं होतं आणि का चुकलं ते तिला कळत नव्हतं. मी विचारलं, "डिस्प्लेसमेंट म्हणजे काय गं?" तिनं इंग्रजीतली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. मी म्हटलं, "मराठीत सांग." ती गप्प.

"अगं, नववीला पहिलाच धडा होता ना, गतीचे नियम? त्यात विस्थापन नव्हतं का?"

"ते विस्थापन म्हणजे हे?" तिचे डोळे एवढे मोठे झाले.

मंडळी, महिनाभर ती मुलगी वर्गात बसते आहे, आणि नववीत शिकलेलीच गोष्ट आपण पुन्हा शिकतो आहोत हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. दोष एकट्या कॉलेजला देत नाही, त्यांच्यापुढे शंभर मुलं असतात. पण त्या तासाला 'डिस्प्लेसमेंट, म्हणजे तुमचं विस्थापन' एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

काही जण म्हणतील, म्हणूनच आधीपासून इंग्रजी हवं. मला हे पटत नाही. सेमी-इंग्रजीची मुलंही अधूनमधून माझ्याकडे येतात. त्यांना शब्द ओळखीचा असतो, पण 'म्हणजे काय' विचारलं की तीही गप्पच होतात. अडचण भाषेची आहेच, पण त्याहून मोठी अडचण ही की तो चालणारा मनुष्य कुठे चालतो आहे ते कोणालाच माहीत नाही. त्याला गाव नाही. त्याच्या वाटेत ओढा नाही, चढ नाही.

म्हणून मी तिला वही मिटायला लावली आणि म्हटलं, "आपण भोरला जाऊ."

नसरापूरहून भोरला जायचं तर आधी हायवेला लागून कापूरहोळचा फाटा गाठायचा आणि तिथून भोरकडे वळायचं. नकाशा समोर धरला तर एक गंमत दिसते. भोर आपल्या दक्षिणेला आहे, थोडं पश्चिमेकडे सरकून. आणि गाडी आधी जाते आग्नेयेला! म्हणजे पश्चिमेला जायचं असून आपण सुरुवातीला पूर्वेला जातो. रस्त्याची वळणं सोडून देऊ, आकडे शिकवण्यापुरते ढोबळ धरू (कोणी मोजपट्टी घेऊन मागे लागू नये!). कापूरहोळपर्यंत ६ किलोमीटर आग्नेयेला. तिथून भोर ११ किलोमीटर नैर्ऋत्येला. एकूण चाल १७ किलोमीटर. आता नसरापूर ते भोर सरळ रेषेत किती?

तिरक्या वाटा अशा थेट मिळवता येत नाहीत. ६ अधिक ११ बरोबर १७ हे चपलेच्या झिजेचं गणित झालं, विस्थापनाचं नव्हे. मग करायचं काय? तर प्रत्येक तिरकी वाट मोडायची. तिच्यात पूर्व-पश्चिम किती आणि उत्तर-दक्षिण किती, ते वेगळं काढायचं. ६ किलोमीटर आग्नेयेला, म्हणजे ४५ अंशांवर. ४५ अंशांचं साइन आणि कोसाइन दोन्ही ०.७ च्या आसपास. म्हणजे कापूरहोळपर्यंत आपण सुमारे ४.२ किलोमीटर पूर्वेला गेलो आणि ४.२ दक्षिणेला. पुढचे ११ किलोमीटर नैर्ऋत्येला, म्हणजे ७.८ पश्चिमेला आणि ७.८ दक्षिणेला. हेच ते 'कॉम्पोनंट'. मराठीत घटक.

मग दोन खाती उघडायची. एक पूर्व-पश्चिमेचं, एक उत्तर-दक्षिणेचं. किराणा दुकानदार तेलाचा हिशेब गुळात मिसळत नाही, तसं. दक्षिणेच्या खात्यात ४.२ आणि ७.८, दोन्ही एकाच बाजूचे, एकूण १२. पूर्व-पश्चिमेच्या खात्यात मात्र ४.२ पूर्वेला जमा आणि ७.८ पश्चिमेला खर्च. शिल्लक ३.६, पश्चिमेला. आता सगळा प्रवास दोन आकड्यांत आला: १२ दक्षिण, ३.६ पश्चिम. या दोन बाजू काटकोनात आहेत, तेव्हा पायथागोरस. १२ चा वर्ग १४४, ३.६ चा वर्ग जवळपास १३, बेरीज १५७, वर्गमूळ साडेबारा. दिशा दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे १७ अंश. कावळा उडाला तर साडेबारा किलोमीटर, गाडी गेली तर सतरा.

पोरीनं तेच गणित स्वतः करून पाहिलं आणि उत्तर काढलं १७! मी पाहिलं तर तिनं पूर्वेचे ४.२ आणि पश्चिमेचे ७.८ सरळ मिळवले होते. दोन्हीकडे १२, वर्गांची बेरीज २८८, वर्गमूळ १७. आणि गंमत म्हणजे तिला ते बरोबरच वाटलं, कारण चालही १७ च होती. "आजोबा, जुळलं की!" म्हणाली. चुकीचं उत्तर जुळतं तेव्हा फार घात करतं. मी विचारलं, "दोन्ही वेळा आपण एकाच दिशेला गेलो असतो तर विस्थापन किती झालं असतं?" थोडा वेळ गेला. मग हसली. चिन्ह विसरलं की वळणच पुसलं जातं, हे तिच्या लक्षात आलं. तिच्या मूळ गणितातही नेमकी हीच चूक होती.

थोडं विषयांतर करतो. मला स्वतःला ही युक्ती कुठल्या पुस्तकात कळली नाही. आमच्या बांधाचा जुना वाद होता, मोजणी आणली. तेव्हा शंकू-साखळीची मोजणी असायची. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे झाले की एकर. आमचा बांध सापासारखा वाकडा. मला वाटलं, हे आता साखळी घेऊन बांधाबांधाने चालत जाणार. पण मोजणीदार बांधाकडे गेलाच नाही. त्यानं वावरातून मधोमध एक सरळ रेघ आखली आणि तिच्यावरून साखळी टाकत निघाला. बांधाचा कोपरा बाजूला काटकोनात आला की थांबायचं, शंकूतून काटकोन पाहायचा, कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचा, आणि दोन आकडे लिहायचे: रेघेवर किती आलो आणि बाजूला किती गेलो. पुढचा कोपरा, पुन्हा दोन आकडे. मी न राहवून विचारलं, "साहेब, तिरका बांध तिरकाच का मोजत नाही?" तो म्हणाला, "गुरुजी, तिरक्याची बेरीज होत नाही."

हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे कधी तरी विज्ञानाच्या पुस्तकात सदिशाचे घटक पाहिले तेव्हा मला तो मोजणीदारच दिसला.

आणि हे आपल्याला नवं आहे असंही नाही. भास्कराचार्यांची लीलावती सन ११५० ची. तिच्यात काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण अशी नावं आहेत. तिरकी वाट म्हणजे कर्ण, तिचे दोन घटक म्हणजे भुज आणि कोटी. साइनला संस्कृतात ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी, आणि कोसाइनला कोटिज्या. ही 'ज्या' अरबांकडे गेली, तिथं तिचा उच्चार बदलला, पुढे लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यानं तो शब्द भलताच वाचला आणि 'सायनस' केला, त्याचा झाला 'साइन'. आणि तो आता पुण्याच्या कॉलेजात आमच्या पोरीला घाबरवतो आहे. निघाला तिथंच परत आला, म्हणजे त्याचं विस्थापन शून्यच म्हणायचं! आपल्याकडे सगळं आधीच होतं असं सांगणाऱ्यांतला मी नाही. सदिशांची आजची पद्धत आणि आजची लेखनपद्धती युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तयार झाली, ते श्रेय त्यांचं. पण मुलांना जवळ घ्यायला घरचा शब्द असेल तर तो वापरायला काय हरकत आहे?

शून्य विस्थापनाचं निघालंच आहे तर सांगतो. बनेश्वराला प्रदक्षिणा घातली तर विस्थापन शून्य. आळंदीहून पंढरपूरला जाऊन पालखीबरोबर परत आलेल्या वारकऱ्याचं विस्थापन शून्य. हे मी वर्गात सांगितलं की मुलं हसायची. एक जण म्हणाला होता, "सर, मग पुण्य कशाचं मिळतं?" म्हटलं, "चालीचं."

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. मूळ मुद्दा खरं तर हा नव्हेच.

१९८७-८८ साल असेल. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांची बदली झाली आणि वर्षभर कोणी आलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही घ्या. मी गाईड घेऊन रात्री वाचायचो आणि सकाळी शिकवायचो. नववीच्या वर्गात विस्थापन शिकवत होतो. आरंभीच्या आणि अंतिम स्थानांतलं कमीत कमी अंतर, दिशेसह. फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. एरवी कधी बोलायची नाही. म्हणाली, "सर, मग आमचं विस्थापन किती?"

वर्ग हसला.

आमच्या भोर-वेल्ह्याच्या भागात (वेल्हे तालुका आता सरकारदरबारी राजगड तालुका झाला आहे) विस्थापन हा शब्द पुस्तकातून येत नाही, धरणातून येतो. भाटघरचं धरण ब्रिटिश अमदानीतलं. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते पुण्याला आठवतं. ते बांधताना कोणाची गावं पाण्याखाली गेली हे पुण्याला फारसं आठवत नाही. मग वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. त्या मुलीचं गाव मोसे खोऱ्यातलं, बाजी पासलकरांच्या मुलखातलं. वरसगावच्या पाण्यात गेलं. घरच्यांना जमीन मिळाली दौंड तालुक्यात. डोंगरात नाचणी-भात करणारी माणसं सपाट मुलखात गेली. तिथं त्यांचं बस्तान बसेना. मुलीला शिकायला आजोळी, इकडे आमच्या भागात पाठवलं. हे मला तेव्हा सगळं ठाऊक होतं, आणि तरी मी काय म्हणालो? म्हणालो, "असले फाजील प्रश्न विचारू नकोस. परीक्षेत येणार नाही ते."

ती खाली बसली. वर्षभर पुन्हा उभी राहिली नाही.

मी स्वतःला समजावत आलो की तिचा प्रश्न शब्दाच्या गोंधळातून आला होता. भौतिकशास्त्रातलं विस्थापन वेगळं, धरणग्रस्तांचं वेगळं. पण तसं नव्हतं. तिचा प्रश्न अगदी पुस्तकी, नेमका प्रश्न होता. आरंभीचं स्थान अमुक, मधलं तमुक, अंतिम हे. किती? मला ते काढता येत नव्हतं, म्हणून मी रागावलो. मास्तर रागावतो तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं.

परवा भोरचं गणित झाल्यावर पोरगी घरी गेली आणि मी नकाशाची वही काढून ते जुनं गणित मांडलं. अक्षांश-रेखांशांवरून घटक आयतेच मिळतात: उत्तरेकडचं एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि पूर्वेकडचं एक अंश आपल्या अक्षांशावर १०५ च्या आसपास (इथंही कोसाइन आलंच). तिचं नेमकं गाव धरलं नाही; वरसगाव-पानशेतचा परिसर, दौंड आणि नसरापूर असे तीन ठिपके धरले. पानशेतहून दौंड सुमारे १०२ किलोमीटर पूर्वेला आणि ९ उत्तरेला. दौंडहून नसरापूर ७४ पश्चिमेला आणि २३ दक्षिणेला. दोन खाती. पूर्वेचे १०२, त्यातून ७४ वजा, राहिले २८ पूर्व. उत्तरेचे ९, त्यातून २३ वजा, राहिले १४ दक्षिण. वर्ग ७८४ आणि १९६, बेरीज ९८०, वर्गमूळ ३१ आणि थोडं वर. दिशा पूर्वेपासून दक्षिणेकडे साधारण २७ अंश.

म्हणजे सरळ रेषांनीच धरली तरी चाल १८० किलोमीटरची आणि विस्थापन ३१. गणित बरोबर आहे. दोनदा तपासलं.

मला वाटतं, घटकांची पद्धत शिकवताना हे असंच शिकवावं. अकरावीची वाट पाहू नये, नववीतच आलेखाच्या कागदावर सुरुवात करावी. साइन-कोसाइन नंतर, आधी नुसती घरं मोजू द्यावीत, इतकी घरं पूर्वेला, इतकी दक्षिणेला. नकाशा मुलांच्याच गावाचा असावा. वाड्यावस्त्यांवरून येणारी मुलं रोज तिरक्या वाटांनी शाळेत येतात, त्यांना तो चालणारा मनुष्य पुस्तकातून कशाला आणून द्यायचा? आणि उत्तर आलं की फळा पुसायच्या आधी चालीचा आकडा शेजारी लिहावा. परिणामी सदिश हा फक्त टोकांना ओळखतो. मधे काय झालं ते त्याला विचारायचं नसतं. सूत्र म्हणून ती त्याची ताकदच आहे, त्यामुळेच तर दहा वळणांचा हिशेब दोन आकड्यांत मावतो. पण कागदावर माणसं हलवणाऱ्यानं फक्त तेवढंच पाहून चालत नाही. शहरात आपण जे पाणी पितो त्यात पानशेत-वरसगावचं पाणी आहे. आमची शेजारची पोरगी कॉलेजात जी बाटली भरते, त्यातही ते असणार. तिला मी हेही सांगितलं. गणिताच्या तासाला हे कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

आता राहिलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला बनेश्वरला गर्दीत एक बाई पाया पडायला वाकल्या. "सर, ओळखलंत का?" मी ओळखलं नाही. त्यांनी सांगितल्यावर ओळखलं. मागच्या बाकावरची. आता तिच्याही डोक्यात पांढरे केस आले होते. त्या दिवशी मी तिला काही बोललो नव्हतो, पण नंबर घेऊन ठेवला होता. परवा गणित झाल्यावर रात्री फोन केला. म्हटलं, "तू एकदा वर्गात प्रश्न विचारला होतास, आठवतो का?"

आठवत होता. लगेच आठवला, यावरून काय ते समजलो. म्हटलं, "तेव्हा मला येत नव्हतं. आता काढलंय. एकतीस किलोमीटर." पलीकडे जरा शांतता. मग हसल्याचा आवाज. "एवढंच होय, सर?"

मी चालीचाही आकडा सांगितला. तिनं ऐकून घेतला. मग म्हणाली, "सर, हे माझं झालं. आईचं वेगळं काढावं लागेल. ती परत आलीच नाही, तिकडेच गेली."

वही समोर होतीच. आईचं गणित सोपं होतं, एकच पाऊल. १०२ पूर्व, ९ उत्तर. वर्गांची बेरीज १०४८५. वर्गमूळ १०२ आणि वर काही. उत्तरेकडच्या नऊ किलोमीटरांनी उत्तरात फरक पडला तो अर्ध्या किलोमीटराहूनही कमी. मी तिला आकडा सांगितला. तिनं तो फोनवरच पुन्हा एकदा म्हणून घेतला, मुलं फळ्यावरचं उतरवून घेताना म्हणतात तसा.